पियानो ड्युओ म्हणून आयुष्य काढता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या दोन बहिणी, थोरली १४ वर्षांची, धाकटी ११ ची. दोघी एकाच शिक्षकांकडे शिकतात आणि एका पियानोवर चार हातांनी वाजवतात. एका कार्यक्रमानंतर कुणीतरी म्हणालं, की या मुलींनी जोडी म्हणूनच पुढे जावं. आईवडिलांना जाणून घ्यायचंय, की असं करिअर खरोखर असतं का, आणि अशा जोड्यांचं पुढे होतं काय.

असतं, पण फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मी एकटीने जेवढं वाजवलं, त्याहून कितीतरी जास्त कुणाच्या तरी डाव्या अंगाला बसून, म्हणजे सेकंडो (खालच्या सुरांचा भाग) वाजवलंय, आणि आता शिकवते. त्यामुळे माझी मतं जरा पक्की झालेली आहेत. मुली छान जुळून वाजवतात हे वाचून बरं वाटलं, पण जुळून तर वाजवायलाच हवं, त्याचे वेगळे गुण कुणी देत नाही. जोडी उभी राहते की विरून जाते, हे मी दोन गोष्टींवर ठरताना पाहिलंय. एक, त्यांच्यासाठी नवं संगीत कुणी लिहितंय का. आणि दुसरी, दोघांतल्या एकाचं काही बिघडलं तर दुसरा काय करतो.

दुसरीपासून सुरू करते, कारण तिचं उदाहरण माझ्या मनात सगळ्यात वरचं आहे. सिरिल स्मिथ आणि फिलिस सेलिक, इंग्लंडचं जोडपं. स्मिथ १९०९ साली मिडल्सब्रोला जन्मले आणि रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकले. सेलिक १९११ च्या. त्या रॉयल अकॅडमीत शिकल्या, मग पॅरिसला इझिदोर फिलिप यांच्याकडे. लग्न १९३७ चं, आणि इथे पालकांनी जरा थांबावं: त्या वेळी ते ड्युओ नव्हते. स्मिथ यांचं नाव रखमानिनोव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्तोसाठी (कॉन्चेर्तो म्हणजे मुख्य वादकाने ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची रचना) घेतलं जायचं, जो ऐकूनच पुष्कळ पियानिस्टांना घाम फुटतो. सेलिक यांनी मायकेल टिपेट यांचा पहिला पियानो सोनाटा १९३८ मध्ये लोकांसमोर पहिल्यांदा वाजवला होता. पुढे वॉल्टन यांची ‘सिन्फोनिया कॉन्चेर्तान्ते’ खुद्द वॉल्टन ऑर्केस्ट्रासमोर उभे असताना रेकॉर्ड करणाऱ्याही त्याच. दोघांचं आपापलं खातं होतं आणि त्यात शिल्लकही होती.

जोडी म्हणून ते पुढे आले १९४१ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात लंडनचा क्वीन्स हॉल बॉम्बहल्ल्यात जळाला आणि ‘प्रॉम्स’च्या, म्हणजे तिथल्या दरवर्षीच्या उन्हाळी मोसमातल्या, मैफली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हलवल्या गेल्या. त्या मोसमात हेन्री वुड यांच्या सुचवण्यावरून या दोघांनी एकत्र वाजवलं आणि ते लोकांना आवडलं. मग संगीतकार त्यांच्याकडे बघू लागले. वॉन विल्यम्स यांचा पियानो कॉन्चेर्तो १९३३ पासून जरा बाजूलाच पडला होता. पियानोचा भाग इतका दाट, की एका माणसाचा आवाज ऑर्केस्ट्रातून वर येईना. जोसेफ कूपर यांच्या मदतीने तो दोन पियानोंसाठी बसवला गेला आणि १९४६ मध्ये एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली स्मिथ-सेलिक यांनी तो वाजवला. दोनच वर्षांनी लेनॉक्स बर्कली यांचा दोन पियानोंचा कॉन्चेर्तो आला, त्याचेही पहिले वादक हेच.

मग १९५६. आर्थर ब्लिस यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश संगीतकारांचं एक पथक सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेलं होतं, त्यात हे दोघंही होते. खारकोव्हमध्ये स्मिथ यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात निकामी झाला. वय सत्तेचाळीसच्या आत, आणि रखमानिनोव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्तोचा वादक.

अशा वेळी काय होऊ शकतं, याची दुसरी बाजूही बघा. जर्मनीचे कोन्टार्स्की बंधू, आल्फोन्स आणि आलोइस, १९५५ मध्ये म्युनिकची एआरडी ही संगीत स्पर्धा जिंकून वर आले. नव्या संगीतात त्यांच्या तोडीची जोडी युरोपात नव्हती. श्टॉकहाउझन यांनी १९७० मध्ये त्यांच्यासाठी ‘मंत्र’ लिहिलं. शीर्षक आपलंच आहे, पण आत दोन पियानोंचा आवाज इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून वाकवून काढलाय, आणि तासाभराच्या त्या रचनेत दोघांनी एका क्षणासाठीही भान सोडून चालत नाही. पुढे आलोइस यांना पक्षाघात झाला आणि जोडी तिथेच थांबली. यात कुणाचा दोष नाही. बहुतेक जोड्यांचा शेवट असाच एखाद्या शरीरामुळे होतो: मनगट, पाठ, बोटांत शिरणारा संधिवात. आणि त्याबरोबर चांगल्या हातांच्या माणसाचंही काम जातं, हे बाहेरून दिसत नाही.

स्मिथ आणि सेलिक वर्षभराच्या आत पुन्हा मंचावर आले, तीन हातांनी.

हे ऐकायला गोड वाटतं. करायला किती किचकट आहे ते जरा जवळून सांगते, कारण जोडीचं सगळं मर्म त्यात आहे. दोन पियानोंच्या कुठल्याही रचनेत चार हातांत मिळून बरंच काही दुहेरी असतं. एकाचा बास दुसरा खालच्या अष्टकात पुन्हा वाजवत असतो, सुरावट दोन्हीकडे असते, मधले सूर भरण्यासाठी असतात. तीन हातांत बसवायचं म्हणजे आधी हे दुणावलेले सूर उचलून बाजूला ठेवायचे. मग खरा बास पूर्णपणे सेलिक यांच्या डाव्या हाताकडे. त्यांचा उजवा हात जे मधलं काम करत होता, त्यातलं काही स्मिथ यांच्या उजव्या अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे. स्मिथ यांची स्वतःची सुरावट त्याच हाताच्या करंगळी आणि अनामिकेवर, म्हणजे हाताच्या सगळ्यात दुबळ्या बाजूवर. डावा हात नसल्याने खालचा सूर पेडलवर धरून ठेवायची सोयही गेली, कारण धरायला खाली सूरच नाही. पेडल आता शेजारच्या पियानोवरच्या बासाकडे कान ठेवून द्यायचं. नुसत्या ओळी वाटून घेण्याने यातलं काही होत नाही. जी रचना वर्षानुवर्षं एका पद्धतीने हाताखाली बसलेली आहे, ती दोघांनाही पुसून पुन्हा लिहावी लागते. आणि ज्याचे दोन्ही हात शाबूत आहेत, त्याला जास्त पुसावं लागतं. सेलिक यांचं मोठेपण मला तिथे वाटतं.

मग संगीतकार आलेच. ज्या ब्लिस यांच्या पथकातून हा दौरा झाला होता, त्यांनीच १९६८ मध्ये आपली एक जुनी रचना दोन पियानो आणि तीन हातांसाठी बसवून दिली. गॉर्डन जेकब यांनी एकाच पियानोवरच्या तीन हातांसाठी लिहिलं. आणि १९६९ च्या प्रॉम्समध्ये माल्कम आर्नोल्ड यांचा दोन पियानो-तीन हातांचा कॉन्चेर्तो, ओपस १०४, पहिल्यांदा वाजला. लोक त्याला ‘फिलिस आणि सिरिलचा कॉन्चेर्तो’ म्हणूनच ओळखतात. शोधून ऐका. त्यात कुठेही बिचारेपणा नाही. शेवटचा भाग तर चक्क खट्याळ आहे. १९७१ मध्ये दोघांना ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. स्मिथ १९७४ मध्ये गेले. सेलिक रॉयल कॉलेजमध्ये शिकवत राहिल्या आणि २००७ मध्ये, ९५ वर्षांच्या होऊन गेल्या. म्हणजे ड्युओ संपल्यानंतर त्यांचं आणखी ३३ वर्षांचं आयुष्य होतं. आपल्या मुलींच्या भविष्याचा विचार करताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

आता संगीताकडे. या बाबतीत पालक सोडाच, शिक्षकही गाफील असतात. दोन पियानोंसाठी लिहिलेलं खरोखर पहिल्या प्रतीचं संगीत वाटतं त्यापेक्षा कमी आहे. मोझार्टचा दोन पियानोंचा पूर्ण सोनाटा एकच, के. ४४८ (के. हा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), १७८१ चा, आपली शिष्या योझेफा आउअर्नहामर हिच्याबरोबर वाजवण्यासाठी लिहिलेला. दोन पियानोंसाठी कॉन्चेर्तो एक, के. ३६५. शूबर्टचं सोनं सगळं एका पियानोवरच्या चार हातांत आहे. ब्राह्म्सची हायडन व्हेरिएशन्स, रखमानिनोव्हच्या दोन सुइट आणि ‘सिम्फॉनिक डान्सेस’, बार्टोकचा दोन पियानो आणि तालवाद्यांचा सोनाटा, पुलँकचा कॉन्चेर्तो, मेसियाँचं ‘व्हिजन्स द लामेन’, ल्यूतोस्वाव्स्कीची पगानिनी व्हेरिएशन्स. अजून दहा-बारा नावं निघतील. मेहनती जोडी पंधरा वर्षांत हे सगळं वाजवून मोकळी होते. व्हायोलिन-पियानोच्या जोडीला किंवा चौकडीला असा प्रश्न पडत नाही, त्यांचा साठा एका जन्मात संपणारा नाही.

म्हणून ज्या जोड्या टिकल्या, त्यांनी संगीतकारांच्या मागे लागून लिहून घेतलं. अमेरिकेचे आर्थर गोल्ड आणि रॉबर्ट फिझडेल हे यातले उस्ताद. ज्युलियार्डमध्ये भेटलेले, १९४४ पासून एकत्र. त्यांच्यासाठी पुलँकने सोनाटा लिहिला, मियोने लिहिलं, जॉन केजने लिहिलं, सॅम्युअल बार्बरची ‘सूव्हनीर्स’ त्यांनीच पहिल्यांदा रेकॉर्ड केली. दोघांचं आयुष्यही एकत्रच होतं, आणि पियानो मागे पडल्यावर त्यांनी मिळून चरित्रं लिहिली, शिवाय एक पाकपुस्तक. चेष्टा वाटेल, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते.

वर ल्यूतोस्वाव्स्कीचं नाव आलं, त्यांचीही एक जोडी होती. जर्मनांनी व्यापलेल्या वॉर्सामध्ये पोलिश संगीतकारांना नेहमीच्या मैफली करता येत नव्हत्या, कॅफेत वाजवता यायचं. तिथे ल्यूतोस्वाव्स्की आणि आंद्रेय पानुफ्निक दोन पियानोंवर वाजवून पोट भरायचे आणि त्यासाठी त्यांनी दोनशेच्या आसपास रचना स्वतः बसवल्या. १९४४ च्या वॉर्सा उठावात ते सगळं नष्ट झालं. वाचली ती १९४१ ची पगानिनी व्हेरिएशन्स. आज जगातली प्रत्येक जोडी ती वाजवते आणि साडेपाच मिनिटांत टाळ्या घेते.

लाबेक बहिणींच्या पियानो जोडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन बहिणी म्हटल्यावर ते नाव येणारच. काटिया १९५० ची, मारिएल १९५२ ची, दोघी फ्रान्सच्या बास्क किनाऱ्यावरच्या बायोनच्या. आई इटालियन, स्वतः पियानिस्ट आणि मार्गरीत लाँग यांची शिष्या. मुलींना पहिले धडे आईनेच दिले. वडील डॉक्टर आणि गाण्याचे शौकीन. पॅरिस कॉन्झर्व्हातोआरमधून बाहेर पडल्यावर पहिली मोठी रेकॉर्डिंग मेसियाँच्या ‘व्हिजन्स द लामेन’ची, तीही मेसियाँ यांच्याच देखरेखीखाली. म्हणजे सुरुवात अगदी कडक, आधुनिक. मग १९८० मध्ये गर्शविनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ दोन पियानोंवर, आणि ती रेकॉर्ड लाखोंनी खपली. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडली. कपडे, केस, झगमग यांवर लिहून आलं. माझं म्हणणं असं, की त्या खपाने त्यांना पुढची चाळीस वर्षं विकत घेऊन दिली. त्या जोरावर त्या जुन्या पद्धतीच्या फोर्तेपियानोंकडे वळल्या आणि बाख वाजवलं, २००७ मध्ये स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं, फिलिप ग्लास यांच्याकडून दोन पियानोंचा कॉन्चेर्तो लिहून घेऊन तो २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्यांदा वाजवला, आणि २०१६ मध्ये व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर पुलँक वाजवला.

आणि एक गोष्ट, जी दोन बहिणींच्या आईवडिलांनी लक्षात ठेवावी. या दोघींनी आयुष्यं वेगळी ठेवली. काटिया १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन यांच्या बँडमध्ये सिंथेसायझर वाजवत होती, त्याच मॅकलॉक्लिन यांच्या, ज्यांनी आपल्या झाकिरभाईंबरोबर ‘शक्ती’ उभी केली. मारिएल त्या वाटेला गेली नाही. तिने कंडक्टर सेम्योन बिच्कोव्ह यांच्याशी लग्न केलं. स्वभाव वेगळे, मित्रपरिवार वेगळा, आणि मंचावर मात्र अर्धशतक एकत्र. शाळेपासून एकाच खोलीत, एकाच क्लासला, एकाच डब्यावर वाढवलेल्या जोड्या मी पाहिल्यात. विशीत त्यातल्या एकीला श्वास घ्यायला जागा हवी असते आणि मग पहिला बळी पियानोचा जातो.

प्रत्यक्ष वाजवण्यातलं अवघडपण कशात आहे तेही सांगते, म्हणजे क्लासमध्ये काय बघायचं ते तुम्हाला कळेल. व्हायोलिनचा सूर हळूच आत शिरू शकतो, पियानोचा ठोका पडतो. दोन व्हायोलिनं केसभर पुढे-मागे झाली तर आवाज जरा रुंद होतो. दोन पियानो झाले तर टकटक ऐकू येते. त्यात मोठ्या मंचावरचा ग्रँड पियानो जवळपास पावणेतीन मीटर लांबीचा. असे दोन एकमेकांच्या खोबणीत बसवतात, वादक दोन टोकांना समोरासमोर. एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानापर्यंत यायला सेकंदाचा शंभरावा भाग जातो. म्हणून नुसतं ऐकून वाजवणारा नेहमी मागे राहतो. समोरच्याच्या श्वासावर, खांद्यावर, आधीच्या मात्रेत उचललेल्या मनगटावर जावं लागतं. के. ४४८ ची सुरुवात दोन्ही पियानोंवर एकदम, एकाच सुरात, मोठ्या आवाजात आहे. लपायला जागा नाही. मी मुलांना पहिली मात्रा न वाजवता फक्त श्वास घेऊन हात वर न्यायला लावते, दहा-बारा वेळा. कंटाळतात. पण मग सूर आपोआप एकत्र पडतो.

इस्तंबूलच्या जुळ्या पेकिनेल बहिणी, ग्यूहेर आणि स्यूहेर, तर एकमेकींकडे न बघता वाजवतात, पियानो तसेच मांडून. मी अधूनमधून विद्यार्थ्यांना असं पाठमोरं बसवते. आधी सगळं कोसळतं, मग त्यांना कळतं की आतापर्यंत आपण एकमेकांकडे बघत होतो, ऐकत नव्हतो.

एका पियानोवरच्या चार हातांत अडचण वेगळी, तिथे भांडण पायाचं. शूबर्टची एफ मायनर फँटसी घ्या, १८२८ ची. सुरुवातीला सेकंडो एकटा, अगदी हळू, खाली बास आणि वर लहरत राहणारे सूर. त्यावर प्रिमो, म्हणजे वरचा भाग वाजवणारा, येतो, ठिपक्याच्या लयीत, खालच्या सीवरून वरच्या एफवर छोटीशी उडी. त्या सुरांच्या मध्ये एक बारीकशी फट आहे आणि सगळं दुःख त्या फटीत आहे. प्रिमोने बोट अगदी वेळेवर उचललं, तरी पेडल सेकंडोच्या पायाखाली असतं. त्याने आपल्या बासाच्या सोयीने पेडल धरून ठेवलं की फट भरून जाते आणि प्रिमोची सगळी मेहनत चिखलात. म्हणजे सेकंडोने जो भाग आपण वाजवतच नाही, त्याच्यासाठी पाय हलवायचा. पालक नेहमी प्रिमोकडे बघतात, कारण सुरावट तिथे असते. परीक्षक म्हणून मी बसले की माझी नजर सेकंडोच्या उजव्या पायावर असते.

आपल्याकडे कुणी कुणी याला पियानोची जुगलबंदी म्हणतं. ऐकणाऱ्याने म्हणावं, माझी हरकत नाही, पण वाजवणाऱ्याने त्या मनोवृत्तीने बसू नये. जुगलबंदीत एकाने फेकलेलं दुसरा उचलतो, वाढवून परत देतो. इथे सगळं कागदावर लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या सुराखाली आपला सूर बुडवणं हेच काम असतं. सवाल-जवाबाची सवय लागलेली मुलं आवाज चढवत नेतात आणि शेवटी दोन्ही पियानो बडवले जातात.

पैशांचं थोडक्यात. जोडीला एकट्या वादकाच्या दुप्पट मानधन मिळत नाही, खर्च मात्र दुपटीहून जास्त येतो. दोन तिकिटं, दोन खोल्या, दोन पियानो, आणि दोन्ही एकाच ट्यूनरने, एकाच दिवशी, शक्यतो कार्यक्रमाच्या काही तास आधी लावलेले. त्यात दोन चांगले ग्रँड एकत्र असलेले मंच भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुंबई आणि गोव्यात वरून पावसाळा. हवेतला ओलावा पियानोच्या लाकडात शिरतो, साउंडबोर्ड फुगतो, मधल्या सप्तकांचा सूर चढतो. एकच पियानो असेल तर तो सगळाच चढलेला म्हणून कान सांभाळून घेतो. दोन असले आणि एक जुना, एक नवा, एसीखाली एक आणि दाराजवळ एक, तर दोघं दोन दिशांना जातात. मग मोझार्ट कितीही सुंदर वाजवा, प्रत्येक युनिझन (दोघांनी एकदम वाजवलेला एकच सूर) आंबट. एका नावाजलेल्या सभागृहात मी याच कारणासाठी ऐनवेळी दोन पियानोंचा कार्यक्रम एका पियानोवर आणलाय, आणि श्रोत्यांना तो जास्त आवडला.

म्हणून उत्पन्नाचा मोठा भाग जगभर शिकवण्यातूनच येतो. व्हिक्टर बाबिन आणि वित्या व्रॉन्स्की ही गेल्या शतकातली थोर जोडी, बर्लिनमध्ये पियानिस्ट श्नाबेल यांच्याकडे शिकलेली, १९३३ मध्ये लग्न, १९३७ मध्ये अमेरिकेला. नाव एवढं मोठं, तरी बाबिन १९६१ पासून अखेरपर्यंत क्लीव्हलँड इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकचे संचालक होते. आजची सगळ्यात यशस्वी तरुण जोडी म्हणजे नेदरलँड्सचे युसेन बंधू, लुकास आणि आर्थर. मंचावर ते जणू एकच माणूस वाटतात. वडील ऑर्केस्ट्रात टिम्पनी, म्हणजे मोठे नगारे, वाजवणारे, आई बासरीची शिक्षिका, आणि लहानपणीच पियानिस्ट मारिया जुआव पिरेश यांची तालीम. एवढी शिदोरी असलेली घरं कमी. नाउमेद करण्यासाठी सांगत नाहीये. या मुलांच्या मागे काय उभं आहे हे त्यांचे व्हिडिओ बघताना कळत नाही, म्हणून सांगितलं.

तर तुमच्या मुलींसाठी. जोडी चालू ठेवा, पण निदान पुढची चार-पाच वर्षं ‘फक्त जोडी’ असं काही ठरवू नका. दोघींचा एकल अभ्यास पूर्ण जोरात हवा, आणि जमल्यास दोन वेगळ्या शिक्षकांकडे. पुण्यात ते अवघड नाही. एकच शिक्षक असतील तर धड्याच्या वेळा तरी वेगळ्या. थोरलीचा आवाका आज मोठा आहे म्हणून ती प्रिमो आणि धाकटी सेकंडो, किंवा उलट, अशी वाटणी कायमची करू नका. प्रत्येक रचना दोन्ही बाजूंनी शिकायची. बहिणींमध्ये ‘मी नेहमी खालीच का’ हा प्रश्न पंधराव्या वर्षी फुटतो, आणि तोवर वाटणी हाडात मुरलेली असते.

वाजवायला काय द्यावं? फोरेची ‘डॉली’ सुइट, बिझेची ‘जू दाँफाँ’, देब्युसीची ‘पतीत सुइट’. तिन्ही मूळ चार हातांसाठीच लिहिलेल्या, कुठल्या सिनेमाच्या गाण्याची बळंच केलेली मांडणी नाही. द्वोर्झाकचे स्लाव्होनिक नाच अकरा वर्षांच्या हातांना आत्ता मोठे पडतील. शूबर्टची फँटसी ऐकायला आजच लावा, वाजवायला दोन-तीन वर्षांनी. एखादा तरुण संगीतकार ओळखीत असेल, मुंबईत, गोव्यात, कुठेही, तर त्याला या दोघींसाठी तीन मिनिटांचं काहीतरी लिहायला सांगा, आणि त्याचे पैसे द्या. आपल्यासाठी लिहिलेलं पहिलं पान समोर आलं की मुलं वेगळ्या पद्धतीने बसतात.

महिन्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करा आणि दोघींना वेगवेगळं, हेडफोनवर ऐकू द्या. प्रत्येकीने फक्त दुसरीचा भाग ऐकून काय चांगलं झालं ते वहीत लिहायचं. चुका काढायला मी आहे, शिक्षक आहेत.

आणि दुसरा पियानो घेण्याची घाई नको. घरात एक अपराइट असेल तर दोन-तीन वर्षं चार हातांचंच संगीत पुरून उरेल. दोन पियानोंची वेळ आली की ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो तालमीपुरता ठेवा. अपराइट मात्र पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असा वर्षातून दोनदा लावून घ्या आणि ट्यूनरला सांगा, की त्याला डिजिटलच्या सुरालाच आणायचंय.